गव्हाच्या शेतातले बहुरूपी!

लांबून बघा, गव्हाचं शेत कसं एकसारखं हिरवंगार, एकदम फोटोजेनिक! आता बांध ओलांडून आत या. या गर्दीत बरेच जण विदाउट तिकीट घुसलेत. जुनी माणसं उगाच नाही म्हणत, 'तण खाई धन'!

बहुरूपी नंबर वन: गुल्ली डंडा. खेळ नव्हे हो, गवत! पंजाब-हरियाणातल्या गव्हाचा हा सुपरव्हिलन. लोंबी बाहेर पडेपर्यंत थेट गव्हाचा जुळा भाऊ. मग पकडायचा कसा? पान खोडाला मिळतं तिथं नखानं हलकेच मागं वाकवा. गव्हाला तिथं खोडाला मिठी मारणारे दोन इवलेसे, लवदार कान असतात. गुल्ली डंड्याला कानच नाहीत, पातळ पापुद्र्यासारखी जीभ मात्र चांगली लांब! बुंध्याशी लालसर झाक दिसली की चोर सापडलाच.

माहीत आहे का, या चोरानं औषधालाही चकवलं? वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक फवारलं गेलं आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात ते चालेनासं झालं. काहींना हिरवा गहू चाऱ्यासाठी कापावा लागला! म्हणून तणनाशकाचा गट आलटूनपालटून वापरायचा. आणखी एक भारी उपाय म्हणजे नांगरटच करायची नाही. खोल गेलेलं बी वर येत नाही, तिथंच पडून राहतं.

राय ब्रेड आवडतो? ही 'राय' मुळात गव्हातलं तण होती! गव्हासारखं दिसता दिसता ती स्वतःच पीक बनली. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी हे ओळखलं, म्हणून या नकलेला त्यांचंच नाव आहे. तणाचं प्रमोशन!

रान ओट या तणाच्या बियांना तर चक्क स्क्रू असतो. गुडघ्यात वाकलेलं कुसळ ओल लागली की उलगडतं, सुकलं की पिळतं आणि बी मातीत शिरतं. याच कुसळाचा काटा करून रॉबर्ट हूकनं हवेतला दमटपणा मोजला. साल? 1665!

आता घरचा पाहुणा, चाकवत! ताकातली भाजी फर्मास, पण गव्हात तो पक्कं तण. एका झाडाला 70 हजारांवर बिया मोजल्या गेल्यात. म्हणून फुलायच्या आत उपटा आणि फोडणी द्या.

चाकवतासारख्या रुंद पानांच्या तणांवर 2,4-डी हे तणनाशक चालतं. ते झाडाच्या वाढीच्या हार्मोनची नक्कल करतं. तण वेडंवाकडं वाढून मरतं, गहू सहीसलामत. म्हणजे बहुरूप्यांवर बहुरूपी! गवतवर्गीय गुल्ली डंड्याला मात्र त्याचं काहीच वाटत नाही. आणि निफाडकरांनो, शेजारी द्राक्षबाग असेल तर हे औषध नकोच. वाऱ्यानं आलेले तुषारही वेलीची पानं आकसवतात.

त्यापेक्षा कोळपं काढा. पहिले 30-40 दिवस रान स्वच्छ ठेवलं की निम्मी लढाई जिंकली. वर भेगा बुजून ओल टिकते ती वेगळीच. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' हा हिशेब आजही खरा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या रे हॅरिंग्टन या शेतकऱ्यानं तर कापणीच्या वेळी भुश्श्यातलं तणाचं बी भरडणारी गिरणीच बनवली. तिच्यातून गेलेलं 95 टक्क्यांहून जास्त बी खलास!

बियांचा एवढा धसका का? ऐका. तण काढायचं तरी किती वर्षं, हे शोधायला 1879 मध्ये मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी बियांच्या 20 बाटल्या पुरल्या. बियांना उजेड लागू नये म्हणून बाटल्या रात्रीच उकरतात, जागाही गुप्त! 2021 मध्ये काढलेल्या बाटलीतलं बी जवळपास 142 वर्षांनी उगवलं. पुढची बाटली 2040 मध्ये!