बंजारा गायनपथके

बंजारा गायनपथके : नगारा व थाळी यांच्या साथीने गोरबोलीत समूहाने गाणाऱ्या तांड्यांतील मंडळ्या. महाराष्ट्रात त्यांचा विशेष आढळ पश्चिम विदर्भ व मराठवाडा येथे होतो. वाशिम जिल्ह्यातील (निर्मिती १ जुलै १९९८, पूर्वी अकोला जिल्ह्यात समाविष्ट) मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून, रामनवमीच्या यात्रेस शेजारच्या राज्यांतूनही बंजारा भाविक येतात. साहजिकच ठिकठिकाणच्या भजनमंडळ्या येथे एकत्र येतात.

बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ यांची ने-आण करणे, हा या समाजाचा मूळ व्यवसाय. मोगलांच्या दख्खन मोहिमांत सैन्याला रसद पुरविण्याचे काम बंजाऱ्यांनी केले. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यावर वऱ्हाडातील हा व्यापार झपाट्याने ओसरला. गुन्हेगार जमाती कायद्यान्वये (१८७१) व त्याच्या पुढील सुधारणांन्वये अनेक प्रांतांत बंजाऱ्यांच्या गटांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो १९५२ मध्ये पुसला गेला. गोरबोलीला स्वतंत्र लिपी नसल्याने या स्थित्यंतरांचा समाजाने स्वतः जपलेला वृत्तांत मुख्यतः गाण्यांतूनच टिकला. वऱ्हाडातील पोलीस अधिकारी कंबरलेज यांची बंजाऱ्यांवरील पुस्तिका (पुनर्मुद्रण १८८२) उपयुक्त असली, तरी तीत हा समाज बाहेरून, तोही पोलिसाच्या नजरेने पाहिलेला आहे.

या पथकांना बहुधा स्वतंत्र नाव नसते. ती तांड्याच्या नावाने ओळखली जातात. मुख्य गायक एक ओळ म्हणतो व इतर ती उचलतात. सभासद बदलले, तरी पथक तेच राहते. त्यामुळे आधुनिक वाद्यवृंदाप्रमाणे संस्थापक व स्थापनावर्ष सांगून त्यांचा इतिहास लिहिता येत नाही. परंपरेने वंशावळी व पूर्वजांच्या कथा गाण्याचे काम ढाडी यांच्याकडे, तर वादनाचे काम ढाल्या या गटाकडे असे. ज्यांच्यावाचून उत्सव होत नसे, त्या दोघांचेही स्थान तांड्याच्या उतरंडीत खालचे होते, ही विसंगती नोंदविण्याजोगी आहे.

गायनाचा मुख्य हंगाम होळीचा. या वेळी गायिल्या जाणाऱ्या नृत्यगीतांना ‘लेंगी’ म्हणतात. स्त्री-पुरुष फेर धरून ती गातात. तीत देवस्तुती, नायकाची प्रशंसा, थट्टामस्करी व फाग मागणे असे सर्वच येते. वर्षभरात जन्मलेल्या मुलांचा ‘धुंड’ हा संस्कारही तेव्हाच होतो. मजुरीसाठी पुणे-मुंबईकडे गेलेली माणसे होळीला परतल्याने पथक पुन्हा पुरे होते. नवरीच्या पाठवणीची ‘ढावलो’ ही विलापगीते मात्र स्त्रियांची असून त्यांना वाद्याची गरज नसते. भजनांत सेवालाल महाराज व जगदंबा देवी यांची स्तुती असते. त्यांत नगाऱ्याबरोबर झांजाही वाजतात.

नगारा म्हणजे धातूच्या खोलगट भांड्यावर कातडे ताणून बसविलेले, दोन टिपऱ्यांनी वाजविण्याचे वाद्य. काशाची थाळी त्याला तालाची जोड देते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ध्वनिफितींमुळे गोरबोलीतील गाणी तांड्याबाहेर विकली जाऊ लागली. कीबोर्ड, ढोलकी व ध्वनिवर्धक घेऊन लग्नसमारंभांत गाणारे वाद्यवृंद निर्माण झाले व गायकाचे नाव प्रथमच ठळक झाले. पुढे भ्रमणध्वनी व आंतरजालामुळे वऱ्हाडातील गाणे तेलंगणातील तांड्यांतही त्वरित पोहोचू लागले. भाषेच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे. तथापि ध्वनिमुद्रणाला सोयीचे गाणे चार-पाच मिनिटांचे असते. रात्र-रात्र चालणारी कथागीते त्यात मावत नाहीत व ती पाठ असणारे गायक वृद्ध झाले आहेत.

पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. त्याच्या इमारतीला नगाऱ्याचा आकार दिलेला आहे.