नसलेली वाट कोणीं बांधावी ?

एकाच संगणकावर न विसंबतां अनेक संगणकांनीं मिळून एक काम करावें, अशी व्यवस्था हल्लीं सर्वत्र रूढ झाली आहे. या संगणकांस सर्व्हर म्हणतात. त्यांच्यांत एकवाक्यता राहण्यासाठीं प्रमुख कोण व कोणती नोंद कोणापाशीं, हें एका ठिकाणीं लिहिलेलें असावें लागतें. सर्व्हर सुरू झाला आणि तें ठिकाणच तेथें नसलें, तर त्यानें काय करावें ? या लहानशा दिसणाऱ्या प्रश्नाचा आम्ही येथें विचार करूं.

याचें एक उत्तम उदाहरण महाराष्ट्राशीं संबंधित आहे. पुण्यांत वाढलेल्या व तेथेंच अभियांत्रिकीचें शिक्षण घेतलेल्या श्रीमती नेहा नारखेडे यांनीं अमेरिकेंत लिंक्डइन या कंपनींत असतां जे क्रेप्स व जुन राव यांच्यासह ‘काफ्का’ ही प्रणाली निर्माण केली. इ. स. २०११ मध्यें ती सर्वांस खुली झाली. घडलेल्या घटनांची क्रमवार नोंद जपणें व ती हवी तेथें पोहोंचविणें, हें तिचें कार्य होय.

काफ्काचे सर्व्हर आपली सामाईक माहिती पुष्कळ वर्षें ‘झूकीपर’ नांवाच्या दुसऱ्या प्रणालीपाशीं ठेवीत. तिची मांडणी टपालाच्या पत्त्यासारखी आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्हा, त्याखालीं सिल्लोड तालुका, त्याखालीं अजिंठा गांव. अशा पायऱ्यांच्या पत्त्यास मार्ग म्हणतात. झूकीपरचा नियम असा कीं, वरची पायरी नसेल तर खालची निर्माण होत नाहीं. तालुकाच नोंदला नसेल तर गांव कोणाखालीं नोंदावें ?

एकच झूकीपर अनेक समुदायांस पुरावा म्हणून प्रत्येकास स्वतंत्र मार्ग नेमून देतां येई. आरंभीं हा मार्ग व्यवस्थापकानेंच आधीं तयार करावा, अशी सूचना काफ्काच्या माहितीपुस्तिकेंत असे. पुढील आवृत्तींत सुधारणा झाली. सर्व्हर सुरू होतांच स्वतः मार्ग पाहूं लागला आणि नसल्यास वरून खालीं एकेक पायरी बांधूं लागला.

येथें एक मौज आहे. तीन सर्व्हर एकाच क्षणीं सुरू झाले, तर तिघांसही मार्ग दिसत नाहीं आणि तिघेही तो बांधावयास धांवतात. एकाचें काम होतें. इतरांस ‘ही पायरी आधींच आहे’ असें उत्तर मिळतें. शहाणा सर्व्हर या उत्तरास अपयश मानीत नाहीं. पायरी हवी होती, ती झाली. कोणीं केली हा प्रश्न गौण.

तथापि या सोयीस एक धोका जडलेला आहे. मार्गाचें नांव लिहितांना एक अक्षर चुकलें, तर सर्व्हर तक्रार न करतां त्या चुकीच्या नांवाचा कोरा मार्ग बांधतो आणि सोबत्यांपासून वेगळा, एकटाच संसार थाटतो. चूक झाली हें कोणास कळतही नाहीं.

म्हणूनच इ. स. २०२५ मध्यें निघालेल्या काफ्काच्या चौथ्या आवृत्तीची रीत विचार करण्याजोगी आहे. तींत झूकीपर उरला नाहीं. सामाईक नोंदी काफ्काचे सर्व्हरच ठेवितात. मात्र नोंदींची जागा व्यवस्थापकानें प्रथम एकदां मुद्दाम तयार करावी लागते. ती तयार नसेल तर सर्व्हर सुरूच होत नाहीं. कारण जागा कोरी दिसते ती नवी म्हणूनच असें नाहीं. नोंदींची तबकडी निखळली असेल, जुन्या नोंदी नष्ट झाल्या असतील. बहुसंख्य प्रमुख सर्व्हर कोऱ्या वहीनें सुरू झाले, तर ज्यास मागील कांहींच ठाऊक नाहीं असा पुढारी निवडला जाईल व पक्क्या झालेल्या नोंदी कायमच्या बुडतील.

शाळेंतील व्यवहारही असाच आहे. नव्या वर्गासाठीं कोरें हजेरीपत्रक शिक्षकानें खुशाल आंखावें. परंतु जुन्या विद्यार्थ्यांचें नोंदपुस्तक कपाटांत सांपडलें नाहीं, तर त्या जागीं कोरें पुस्तक ठेवून कोणीं स्वस्थ बसूं नये. त्या पुस्तकावर एखाद्या मुलाचा जन्मदिनांक व पुढचा दाखला अवलंबून असतो.

तेव्हां संगणकाचें शिक्षण घेऊं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : जेथें केवळ रिकामी जागा हवी, तेथें ती आपोआप निर्माण होणें ही सोय आहे, जेथें पूर्वींची आठवण असावयास हवी, तेथें थांबून माणसास विचारणें हेंच शहाणपण आहे.