लघवीचा रंग काय सांगतो?

विषय चारचौघांत बोलायला अवघड, पण असोद्याच्या उन्हाळ्यात तो बोललाच पाहिजे. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा उन्हात केळीच्या बागेत किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी पडले का, हे घरच्या घरी, एक रुपयाही न देता कळते.

लघवी शेंगदाण्याच्या तेलासारखी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. मधासारखी गडद, उग्र वासाची आणि थोडीच होत असेल तर पाणी कमी पडते आहे. सकाळची पहिली लघवी सगळ्यांचीच जरा गडद असते. ती धरू नका, दुपारची पाहा.

पाणी प्या, हे भगिनींना मी सांगायची गरज नाही. तरी त्या पीत नाहीत. शेतात आडोसा नाही, बांधकामावर संडास नाही, वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला कुठे दार नाही, कुठे दिवा नाही. म्हणून पाणी न पिताच घरून निघायचे आणि लघवी संध्याकाळपर्यंत दाबून ठेवायची. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि आज आपल्या लेकी आडोशावाचून तहान मारतात. याला मी नुसता आजार म्हणत नाही, अन्यायही म्हणते. यातूनच लघवीला जळजळ, थेंब थेंब होणे, गढूळपणा, थंडीताप सुरू होतो. मुतखडाही होतो. गरोदर बाईला असा जंतुसंसर्ग झाला तर दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका असतो. महिला मंडळाने ग्रामसभेत संडासाचा विषय लेखी द्यावा. तोवर शेतात चार काठ्या आणि जुनी साडी बांधून आडोसा करा, मालकाला विचारत बसू नका.

आता बाकीचे रंग. टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी-लाल होते. रक्त समजून घाबरून गोळ्या सोडणारे मी पाहिले आहेत. तो औषधाचा रंग आहे, गोळ्या सोडायच्या नाहीत. बीटामुळेही लाल दिसते. मात्र असे कारण नसताना लाल दिसली, तर दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवा. सतत फेस येत असेल तर बीपी, साखर आणि लघवी तपासा. रंग पाण्यासारखा, सारखे जावे लागते आणि तहान भागत नाही, हे मधुमेहाचे लक्षण असू शकते. बाबासाहेबांनाही या आजाराने फार छळले.

लघवी गडद पिवळी आणि डोळेही पिवळे असतील तर कावीळ. आपल्याकडे अजून कावीळ उतरवायला, गळ्यात माळ घालायला नेतात. दूषित पाण्याची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपणच ओसरते आणि श्रेय माळेला मिळते! पण गरोदर बाईला ती जिवावर बेतू शकते. तिला थेट दवाखान्यात न्या.

सिकलसेलच्या रुग्णांनी रंगावर विसंबू नये. हा आजार आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही आहे, विदर्भात जास्त, आणि आपल्या सोयरिकी तिकडेही होतात. या रुग्णांचे मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. अंगात पाणी कमी असतानाही ती फिकीच दिसते. त्यांनी तहान लागायची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे.

घाम फार गेला किंवा जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा चहाचा घ्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे. उन्हात राबल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, दिवसभर झालीच नाही किंवा माणूस बरळू लागला, तर घरी थांबू नका. सावलीत घ्या, अंग ओले करा आणि 108 ला फोन लावा.