नागपूर ते चिपी : अंतर आणि उड्डाणवेळ

नागपुरातील सोनेगावच्या विमानतळावरून सिंधुदुर्गातील चिपी येथे, २०२१ साली उद्घाटन झालेल्या विमानतळावर, थेट उड्डाण कल्पिले, तर त्याचे अंतर नकाशावरील रस्त्यांवरून नव्हे, तर बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या वर्तुळावरून मोजले जाते, कारण गोलावरील लघुतम मार्ग तोच असतो. या दोन ठिकाणांच्या अक्षांशांत सुमारे ५.१ अंशांचा व रेखांशांत सुमारे ५.५ अंशांचा फरक असून, अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा, तर ध्रुवांकडे आकसत जाणारा रेखांशाचा अंश येथे सुमारे १०५ किलोमीटरांचा भरतो. त्यामुळे पायथागोरसच्या सिद्धांतानुसार हे अंतर सुमारे ८१० किलोमीटर येते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेट विमानास त्यासाठी सुमारे एक तास, तर ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानास सुमारे एक तास सदतीस मिनिटे लागतील. प्रत्यक्षात मात्र धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण, उतरण आणि हवाई वाहतूक नियंत्रणाने आखलेली वळणे यांमुळे वेळ वाढतो. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वाहणारे वारे नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या विमानाचा भूसापेक्ष वेग, म्हणजे जमिनीच्या संदर्भातील वेग, घटवतात व परतीच्या विमानाचा वाढवतात. म्हणूनच अंतर तेच राहूनही जाण्यायेण्याच्या वेळा भिन्न असू शकतात.