कोटातल्या गावाला जाताय ना?

परदेशातली तटबंदीची गावं बघायला आपण व्हिसाच्या रांगेत उभे राहतो. तसंच एक गाव पेण-रोह्याच्या पलीकडे, कुंडलिकेच्या मुखाशी उभं आहे. तिथे तिकीट नाही, ऑडिओ गाइड नाही. आणि मुख्य म्हणजे, तिथे माणसं अजून राहतात.

श्रीलंकेतलं गॉल, क्रोएशियातलं दुब्रोवनिक... ऑफिसातल्या कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये या गावांचे फोटो असतातच. समोर समुद्र, मागे जुनी भिंत, भिंतीआड कॅफे. फोटो बघून कुणीतरी हमखास म्हणतं, आपल्याकडे असं काही का नाही रे?

आहे की! अलिबागहून मुरूडला कधी गेला असाल, तर तुम्ही ते गाव चक्क आरपार पार केलं आहे. नागाव आणि चौल मागे पडतं, रस्त्यालगत दगडी तटबंदी येते आणि काही सेकंदांत तुमची गाडी सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज शहरात शिरते. आत घरं, दुकानं, नारळी-पोफळीच्या वाड्या. पाचेक मिनिटांत साळावचा पूल येतो आणि आपण जंजिऱ्याची बोट चुकू नये म्हणून घड्याळ बघत असतो. मागे पडलेल्या त्या गावाचं नाव रेवदंडा. इथल्या किल्ल्याला आगरकोटही म्हणतात.

मुंबईच्या आधीची मुंबई

आज रेवदंडा शांत वाटतं, पण एके काळी हा सगळा परिसर म्हणजे कोकणातलं हॅपनिंग बंदर होतं. शेजारच्या चौलला ग्रीक-रोमन व्यापारी ओळखत होते, दहाव्या शतकातल्या अरब प्रवाशांनी त्याबद्दल लिहून ठेवलंय. वास्को द गामा १४९८मध्ये भारतात पोहोचला, पण त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला होता. सोबत विकायला एक घोडा! आपल्याकडे आज गोरा टुरिस्ट दिसला की लोक वळून बघतात ना, तसेच तेव्हाही बघायचे. आपल्याभोवती गर्दी जमते हे त्याने स्वतःच नोंदवलंय. त्याच्यावर १९५७मध्ये 'परदेसी' हा सिनेमा निघाला आणि रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे.

मग आले पोर्तुगीज. १५०८मध्ये चौलच्या पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना जबर तडाखा दिला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत मारला गेला. तरीही पोर्तुगीज हटले नाहीत. १५२१मध्ये निजामशाहीच्या परवानगीने त्यांनी खाडीच्या तोंडावर किल्ला बांधायला घेतला. पुढे त्याच परवानगीचा पश्चात्ताप झाल्यासारखं निजामशाहीने १५७०-७१मध्ये गावाला मोठा वेढा घातला. तो निष्फळ ठरला. १६८३मध्ये संभाजी महाराजांनी वेढा घातला, तेव्हाही तट टिकला.

पण नुसता तट टिकून गाव मोठं राहत नाही. १६६१च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली आणि हळूहळू व्यापार तिकडे सरकला. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि १७४०मध्ये तहाने चौल-रेवदंडाही मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, जहाजं गेली. मागे राहिली ती भिंत. आणि भिंतीआड राहणारी माणसं.

बघायचं काय?

वसईच्या किल्ल्यात फिरताना अवशेष वेगळे आणि गाव वेगळं, हे लगेच कळतं. रेवदंड्यात तसं नाही. इथे चर्चची पडकी कमान कुणाच्या तरी सुपारीच्या वाडीत आहे. जुन्या भिंतीला टेकून सरपण रचलंय, बाजूला विहीर, पंप आणि दोरीवर वाळणारे कपडे. पहिल्यांदा जरा विचित्र वाटतं. मग लक्षात येतं, गॉलमध्ये आपल्याला हेच तर आवडतं. जुन्या कोटात रोजचं जगणं चालू असणं.

सर्वांत देखणा आहे सातखणी बुरूज. नाव बुरूज असलं, तरी हा मुळात चर्चचा मनोरा. सात खणांपैकी आज सगळे उभे नाहीत, पण माडांच्या वर डोकं काढणारा हा मनोरा लांबूनही ओळखू येतो. आसपास तोफा आणि तोफगोळे पडलेले दिसतात. तिथून किनाऱ्यावर उतरलात की काळसर वाळू आणि तिच्या कडेने जाणारा तट. ओहोटीला संध्याकाळी इथून चालत जा. फोटोसाठी यापेक्षा चांगला उजेड मिळणार नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. इथल्या बहुतेक वाड्या खासगी आहेत. फाटक दिसलं की आधी हाक मारा, "काकू, आत येऊन बघू का?" एवढं पुरतं. ड्रोन उडवणं, कमानीवर चढून रील काढणं, वेफर्सची पाकिटं टाकणं हे सगळं घरी ठेवून या.

पगाराची भाषा

हे सगळं पोर्तुगीजांचं, आपलं काय त्यात? असं वाटत असेल तर जरा आपल्याच तोंडातले शब्द मोजा. बटाटा, पाव, चावी, बिजागरी, घमेलं... सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. महिनाअखेरीस आपण ज्याची चातकासारखी वाट बघतो तो पगारसुद्धा!

आणि खाडीपलीकडे कोर्लईत तर अख्खी भाषाच मागे राहिली. साळावचा पूल ओलांडून पुढे गेलात की हे गाव लागतं. इथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज शब्दांची, पण मराठीच्या वळणाची एक बोली बोलतात. वाक्यातलं क्रियापद आपल्यासारखंच शेवटी! बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. राज्य गेलं, फौज गेली, तरी पावणेतीनशेहून जास्त वर्षं ही भाषा टिकली ती स्वयंपाकघरात आणि अंगणात.

आता मात्र बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास आहेत. मुलं शाळेत मराठी-इंग्रजी शिकतात, नोकरीसाठी मुंबई गाठतात. त्यात चूक काहीच नाही, आपण सगळ्यांनी तेच केलंय. पण घरात बोलणारं कुणी उरलं नाही, की ही भाषा जगात दुसरीकडे कुठेच सापडणार नाही. म्हणून कोर्लईत गेलात तर कुणासमोर मोबाइल धरून "बोलून दाखवा ना" असं म्हणू नका. चर्च बघा, टपरीवर चहा घ्या, बसा. कानावर पडायची ती पडेलच.

गावामागच्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. १५९४मध्ये निजामशाहीने पोर्तुगीजांची कोंडी करायला तो बांधायला घेतला आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो घेतलाही. वर चढून गेलात की कारण समजतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि समोर माडांत लपलेलं रेवदंडा. ज्याच्या हातात हा डोंगर, त्याच्या हातात खाडीचं तोंड.

घाई कशाला?

जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याआधीपासून मांडव्याची रो-रो आहेच. अलिबाग मुंबईला आणखी जवळ आलं. वीकएण्ड होमच्या जाहिराती आता चौल-रेवदंड्यापर्यंत पोहोचल्या आहेत. जमीन विकावी की नाही हे वाडीवाल्याने ठरवायचं, आपण त्याला उपदेश करणारे कोण? पण वाडी राहिली तर तिच्यातली कमान राहण्याची शक्यता जास्त, एवढं खरं. म्हणून रिसॉर्टपेक्षा गावातल्या घरगुती खोलीत राहा, वाडीतलीच सुपारी आणि नारळ विकत घ्या. आपल्या पैशाने वाडी परवडायला थोडा तरी हातभार लागेल.

कसं जाल, काय खाल?

जाताना: मुंबईहून पनवेल, पेण, वडखळ, कार्लेखिंड, अलिबाग, चौल, रेवदंडा. पेणला गणपतीचे कारखाने बघा. पोहे आणि पापड घ्यायला विसरू नका.

येताना: आल्या रस्त्याने परतू नका. साळावहून चणेरामार्गे रोह्याला या. कुंडलिका बराच वेळ सोबत करते. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या ज्या पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं, तेच पाणी पुढे रेवदंड्याच्या खाडीत येतं. रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांचं दर्शन घ्या.

गाडी नसेल तर: पेणवरून जाणारी रेल्वे तुम्हाला रोह्याला सोडते. मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पुढे एसटी.

जाता जाता: रेवदंड्यात आणि पेणमध्ये बेने इस्रायली समाजाची सिनेगॉग आहेत. पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही त्यांचीही आडनावं.

खायला: थंडीत गेलात तर पोपटी सोडू नका. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वरून जाळ. उन्हाळ्याच्या तोंडावर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतील. दोन घ्या, एक शेजारच्यांना.

कधी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोन दिवस हवेत, पहिला रेवदंड्याला आणि दुसरा कोर्लईला.