नाण्यावरच्या सालावर जाऊ नका

न्यूयॉर्कमध्ये २४ जानेवारी २०१३ रोजी चांदीचा एक डॉलर लिलावाला निघाला. साल १७९४. भिंगाखाली धरलं की त्याच्या अंगावर कानशीचे ओरखडे दिसत, आणि मधोमध चांदीचं छोटंसं ठिगळही. आपल्याकडच्या सराफाने असा तुकडा तराजूत टाकून वजनाचे पैसे सांगितले असते. लिलावात त्याला १,००,१६,८७५ डॉलर मिळाले, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास ५४ कोटी रुपये. एक कोटी डॉलरचा टप्पा लिलावात ओलांडणारं ते पहिलंच नाणं.

ओरखडे आणि ठिगळ असूनही एवढी किंमत कशी, हा प्रश्न साहजिक आहे. पण जाणकारांच्या लेखी ते दोष नव्हतेच. नाणं कुठे, कसं आणि कोणत्या अडचणीत घडलं, याचा तो पुरावा होता. सुरुवातीच्या अमेरिकी चांदीच्या नाण्यांचा सगळा बाजार या पुराव्यावर चालतो. नवखा माणूस आधी साल बघतो. मुरलेला संग्राहक नाण्याची घडण बघतो. कारण या नाण्यांवरचं साल वारंवार फसवतं.

जामीन मिळेना, म्हणून डॉलर निघेना

अमेरिकेचा नाणेकायदा २ एप्रिल १७९२ चा. त्यानुसार फिलाडेल्फियात टांकसाळ उभी राहिली आणि खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस तिचे पहिले संचालक झाले. डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी असलीच पाहिजे, असा दंडक होता. कसात लबाडी करणाऱ्या टांकसाळीच्या नोकराला देहदंडाची तरतूद होती. शिवाय सोन्या-चांदीला हात लावण्यापूर्वी कस तपासणाऱ्या आणि नाणी पाडणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यांनी प्रत्येकी १०,००० डॉलरचा जामीन द्यायचा होता. एवढा जामीन कुणाकडून आणायचा? म्हणून १७९३ साली टांकसाळीतून फक्त तांब्याची नाणी निघाली. १७९४ मध्ये काँग्रेसने रक्कम कमी केली, तेव्हा कुठे चांदीचं काम सुरू झालं.

कायदा कडक होता, अवजारं मात्र तोकडी. चांदी ओतायची, लाटून पत्रा करायचा, त्यातून चकत्या कापायच्या आणि एकेक चकती तोलायची. जड भरली तर कानशीने घासायची. हलकी भरली तर एरवी ती पुन्हा मुशीत जायची, पण काही चकत्यांना मधोमध चांदीचा तुकडा बसवून वजन पुरं केलं गेलं. मग हाताने फिरवायच्या स्क्रूच्या दाबयंत्रात ठसा उमटायचा. टांकसाळीतलं यंत्र डॉलरएवढ्या मोठ्या नाण्यासाठी अपुरं होतं. त्यात दोन्ही ठसे एकमेकांना अगदी समांतर बसेनात. त्यामुळे १७९४ च्या बहुतेक डॉलरांवर डाव्या बाजूचे तारे आणि सालाचा भाग पुसट उमटला. १५ ऑक्टोबर १७९४ रोजी १,७५८ नाणी टांकसाळीबाहेर पडली. डॉलरची पुढची खेप नवं, जास्त ताकदीचं यंत्र आल्यावर १७९५ मध्ये निघाली.

त्या १,७५८ पैकी आज सव्वाशे ते दीडशे नाणी शिल्लक आहेत. विक्रमी किमतीचं नाणं त्यांतलं सर्वांत चांगल्या स्थितीतलं. त्याचा ठसा इतका रेखीव आहे की ते अगदी सुरुवातीला, कदाचित सर्वांत आधी पाडलेलं असावं, असं अनेक तज्ज्ञ मानतात. तरीही बाजार बाजारच. ऑक्टोबर २०२० मध्ये हेच नाणं पुन्हा लिलावात आलं, तेव्हा मालकाच्या अपेक्षेएवढी बोली न लागल्याने ते विकलंच गेलं नाही. २०२२ मध्ये खासगी व्यवहारात त्याला १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. नाणं तेच होतं, घेणारा बदलला.

झिजलं की पुसट उमटलं?

पारख करताना पहिला पेच हाच. नाण्यावरच्या लिबर्टी या स्वातंत्र्यदेवतेच्या डोक्यावरचे केस सपाट दिसताहेत, ते हाताळून झिजल्यामुळे की मुळात ठसाच नीट बसला नाही म्हणून? दोन्हींच्या किमतीत कधी दसपटीचा फरक पडतो.

याचं उत्तर चकाकीत मिळतं. नाणं काठाला धरायचं, बोटं पृष्ठभागावर टेकवायची नाहीत, आणि एकाच दिव्याखाली हळूहळू कलतं करायचं. ठसा दाबला जाताना चांदी मध्यापासून कडेकडे सरकते. तिच्या या प्रवासाच्या अतिसूक्ष्म रेषा धातूवर राहतात. नाणं वापरात आलेलं नसेल, तर त्या रेषांमुळे प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गरगरतो. उंचवट्यावरून जाताना हा पट्टा तुटला आणि तिथे मंद राखाडी रंग दिसला, तर ती झीज. सपाट भागावरूनही पट्टा अखंड सरकला, तर तो पुसट ठसा.

अवस्था आकड्यात मांडायची १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी आखली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. ६० आणि त्यावरची नाणी न वापरलेली समजतात. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था सुरू झाल्या. त्या नाणं तपासून, गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. अनोळखी विक्रेत्याकडून दूरवरून खरेदी करणं त्यामुळे पुष्कळ सोपं झालं.

या डब्यांवर कधीकधी गुणांऐवजी नुसता ‘डिटेल्स’ असा शेरा असतो. म्हणजे नाणं अस्सल, पण कुणीतरी त्याला हात लावलेला आहे: घासलंय, पॉलिश केलंय किंवा भोक बुजवलंय. आपल्या घरात चांदीचं निरांजन काळं पडलं की चिंच किंवा रांगोळी लावून लख्ख करायची सवय असते. तोच न्याय जुन्या नाण्याला लावला, तर दोनशे वर्षांचा पापुद्रा आणि त्याखालच्या त्या प्रवाहरेषा एका मिनिटात जातात, आणि त्यांच्याबरोबर किमतीतला मोठा वाटाही. निळसर-करडा, सावकाश चढलेला काळेपणा संग्राहकाला हवा असतो, कारण नाण्याला कुणी छेडलेलं नाही याची ती खूण.

ठशांच्या जोड्या

त्या काळी पोलादी ठसे हाताने घडत. अक्षरं, अंक, तारे एकेक करून ठोकले जात. त्यामुळे कुठे एक तारा वाकडा, कुठे सालातला अंक जरा वर. कुठलेही दोन ठसे हुबेहूब सारखे नाहीत. पोलाद तडकायचं, आणि ती तडक नाण्यावर उंच रेघ होऊन उमटायची. ठसे घडवणं खर्चाचं, म्हणून तडकलेला ठसाही शेवटपर्यंत वापरायचा. पुढच्या बाजूचा मोडला तर मागच्याला नवा जोडीदार द्यायचा. जुनं साल खोडून त्यावर नवं ठोकायचं. १८१५ च्या अर्ध्या डॉलरवर ५ खाली २ डोकावतो, कारण तो ठसा मुळात १८१२ चा.

या जोड्यांची नोंद हा अर्ध्या डॉलरच्या संग्राहकांचा खास छंद. अल ओव्हरटन यांनी १९६७ मध्ये १७९४ ते १८३६ च्या अर्ध्या डॉलरांच्या ठशांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यातले क्रमांक आजही या मंडळींची परवलीची भाषा आहेत. दुर्मीळता आर-१ ते आर-८ अशा श्रेणीत सांगतात. आर-७ म्हणजे जगात चार ते बारा नमुने. विक्रेत्याने साध्या भावाने मांडलेल्या नाण्यात अशी जोडी ओळखता आली, तर अभ्यासाचं चीज होतं.

टांकसाळीतून किती नाणी निघाली, हा आकडा मात्र जपून वापरावा. १७९६ चे पाव डॉलर निघाले ६,१४६. १७९६ आणि १७९७ चे अर्धे डॉलर मिळून ४,००० हून कमी. तिथे आकडा आणि दुर्मीळता यांचा मेळ बसतो. पण डॉलर भराभर परदेशी जाऊन वितळले. अमेरिकी डॉलरमध्ये स्पॅनिश डॉलरपेक्षा चांदी किंचित कमी होती. तरी वेस्ट इंडीजमध्ये तो स्पॅनिश डॉलरच्या बरोबरीने चाले. व्यापारी नवे डॉलर तिकडे नेऊन जड स्पॅनिश डॉलर आणत आणि टांकसाळीत देऊन पुन्हा नवे घेत. १८०४ नंतर थांबलेलं डॉलर पाडणं १८०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या सरकारने अधिकृतपणेच बंद केलं. याउलट १८०७ नंतरचे अर्धे डॉलर बँकांच्या पिशव्यांत पडून राहिले, एका बँकेतून दुसरीत गेले, बाजारात फारसे फिरलेच नाहीत. म्हणून ते आजही चांगल्या स्थितीत भरपूर मिळतात.

चांदी वितळण्याच्या या कथेत भारतही येतो, शंभर वर्षांनंतर. पहिल्या महायुद्धात भारतात रुपयांची चणचण झाली, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले. त्यातली बहुतांश चांदी ब्रिटनमार्फत इथे रुपये पाडायला आली. ते डॉलर प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे होते. पण नाणी किती पाडली आणि किती उरली, यांत केवढी दरी पडू शकते, हे त्यातून कळतं.

तीस वर्षं एकच साल

आता सालाकडे. फिलाडेल्फियाच्या कितीतरी आधी, १६५२ मध्ये, मॅसॅच्युसेट्स वसाहतीने इंग्लंडला न विचारता बॉस्टनमध्ये टांकसाळ काढली. जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन हे तिचे कारागीर. पहिली नाणी अगदी साधी: एका बाजूला न्यू इंग्लंडची ‘एनई’ ही आद्याक्षरं, दुसरीकडे किंमत. कडेला नक्षी नसल्याने लोक चांदी कातरून घेऊ लागले. मग कडेने अक्षरं आणि मध्ये झाड आलं. आधी विलो, मग ओक, मग पाइन. हे काम जवळजवळ तीस वर्षं चाललं, पण ओकचं दोन पेनीचं नाणं सोडलं तर झाडाच्या सगळ्या नाण्यांवर साल १६५२ च राहिलं. १६५२ मध्ये इंग्लंडच्या गादीवर राजाच नव्हता. नंतर राजा परतला तेव्हा हे जुनं साल सोयीचं ठरलं, असं परंपरेने सांगतात. या नाण्यांचा काळ ठरतो तो झाडावरून आणि ठशांवरून. नेदरलँड्समधल्या एका जुन्या कपाटात सापडलेलं ‘एनई’चं तीन पेनीचं, जेमतेम १.१ ग्रॅमचं नाणं २०२४ मध्ये २५ लाख २० हजार डॉलरला गेलं.

१८०४ चा डॉलर १८३४ मध्ये

सालाने सर्वांत मोठा चकवा दिला तो इथे. टांकसाळीच्या वहीत १८०४ साली १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे. ते जुन्याच ठशांनी पाडलेले, म्हणजे १८०३ किंवा त्याआधीच्या सालाचे. १८३४ मध्ये मस्कतचा सुलतान आणि सियामचा राजा यांना भेट देण्यासाठी अमेरिकी सरकारला नाण्यांचे संच हवे होते. टांकसाळीने वही उघडली, डॉलरचं शेवटचं साल १८०४ दिसलं, आणि त्या सालाचे नवे ठसे बनवले. पुढे १८५८ च्या सुमारास टांकसाळीतल्याच काही जणांनी गुपचूप आणखी काही पाडले. आज एकूण १६ नमुने ज्ञात आहेत.

भेटी घेऊन दूत एडमंड रॉबर्ट्स ‘पीकॉक’ या युद्धनौकेवरून निघाला. सप्टेंबर १८३५ मध्ये अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ मसिराह बेटापाशी नौका रुतली. मस्कतची भेट पोचती झाल्यावर ती डागडुजीसाठी मुंबईला आली. म्हणजे सियामच्या राजाचा संच काही आठवडे मुंबईच्या गोदीत असणार. तो १८३६ मध्ये बँकॉकला पोचला.

हे सगळं सिद्ध कसं झालं? एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट या नाणेअभ्यासकांनी नाण्याची कड तपासली. १८०४ च्या आसपासच्या डॉलरवर कडेची अक्षरं स्वच्छ असतात. भेटीच्या डॉलरांवर ती चेपलेली आहेत, कारण नाणं पाडताना भोवती गुळगुळीत पोलादी कडं होतं, आणि ती पद्धत १८३० च्या दशकातली. १९६२ मध्ये त्यांचं पुस्तक छपाईत असताना लंडनचे नाणेव्यापारी डेव्हिड स्पिंक यांनी एक पेटी पुढे केली. तो सियामच्या राजाचा संच होता, आणि १८३४ च्या नाण्यांसोबत त्यात १८०४ चा डॉलर होता. अनुमान खरं ठरलं. गंमत अशी की साल खोटं आहे हे उघड झाल्यावरही भाव उतरला नाही. मस्कतच्या संचातला मानला जाणारा डॉलर १९९९ मध्ये ४१ लाख ४० हजारांना गेला होता, २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरना. सालाची भाकडकथा गेली आणि तिच्या जागी कागदोपत्री इतिहास आला. बाजाराने त्याला जास्त मोल दिलं.

सुरुवात कुठून?

आशियातल्या बाजारांत, पर्यटनस्थळांवर ‘जुना अमेरिकन डॉलर’ म्हणून विकली जाणारी बहुतेक नाणी बनावट असतात. तिथे मात्र साल कामाला येतं. १८०५ ते १८३५ यांपैकी कुठल्याही सालाचा अस्सल चांदीचा डॉलर नाहीच. तसा कुणी दाखवला तर पुढे बोलायचं कारण नाही. बाकी नाणी तोलावीत. डॉलर सुमारे २७ ग्रॅम, अर्धा डॉलर १३.४८ ग्रॅम. घनता १०.३ च्या आसपास. लोहचुंबकाला चिकटणार नाही. कडेवर अक्षरं हवीत. एवढ्यातून पार पडलं तरी सीलबंद डबी आणि तिच्यावरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डब्यांचीही नक्कल होते.

नवशिक्याने १८२० किंवा १८३० च्या दशकातला साधा, झिजलेला पण न घासलेला अर्धा डॉलर घ्यावा. १८२७ मध्ये तर हे ५४ लाखांहून अधिक निघाले होते. काहीशे डॉलरच्या आत बरं नाणं मिळतं, आणि ठशाची जोडी ओळखायचा सराव त्यावर पुरेपूर होतो. त्यासाठी लागणारं वाचन फुकट आहे. न्यूमन यांच्या नावाने अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात चालणाऱ्या नाणेशास्त्राच्या ऑनलाइन संग्रहात जुनी लिलावपत्रकं, सूची, पत्रव्यवहार कुणालाही वाचता येतो. कोल्हापुरात बसलेला वाचक तीच पत्रकं चाळू शकतो, जी कोट्यवधींची बोली लावणारा चाळतो. नाणं घेण्याची ऐपत दोघांची सारखी नसेल, पण कडेवरची चेपलेली अक्षरं ओळखायला लागणारी नजर पैशाने मिळत नाही; ती दोघांनाही वाचून, बघूनच कमवावी लागते.