जलमंडूकांचे बिऱ्हाड

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी मुलांच्या हट्टापायी नायगावच्या आमच्या बिऱ्हाडी दोन चिमुकले आफ्रिकन बेडूक आले. आम्ही काचेची पेटी आणली, तळाशी रंगीत खडे पसरले, नळाचे पाणी भरले आणि त्याच सायंकाळी पाहुण्यांना आत सोडले. चौथ्या दिवशी दोघेही तळाशी निपचित पडलेले आढळले. "काका, आपण त्यांना चुकीचं काही खायला घातलं का?" असे पुतणीने विचारले. अन्नाने नव्हे, आमच्या घाईने ते गेले, हे उमजावयास आम्हांस पुढे बराच अभ्यास करावा लागला.

हा प्राणी मूळचा मध्य आफ्रिकेतील. लांबी जेमतेम दीड इंच. त्यास जीभ नसते. जन्मभर पाण्यात राहूनही तो श्वास फुप्फुसांनीच घेतो व त्यासाठी वारंवार पृष्ठभागी येतो. मात्र पाणी तोंडाने न पिता तो ते कातडीवाटे शोषतो. तेव्हा पाण्यात जे जे असेल, ते ते त्याच्या अंगात भिनावयाचेच.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन आपणांस रोगांपासून वाचवते. त्याच क्लोरीनने या जिवाची कातडी होरपळते. पाणी दिवसभर उघडे ठेवल्यास क्लोरीन उडून जाते, पण क्लोरामाइन जात नाही. म्हणून मत्स्यालयाच्या दुकानी मिळणारे क्लोरीननाशक थेंब घालणेच श्रेयस्कर. नळ आटला की आपल्याकडे टँकर येतो, आणि खाडीकाठच्या कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा मचूळ असते. जिभेला किंचितही खारट लागणारे पाणी पेटीत घालूच नये.

याहून मोठी चूक वेगळीच होती. बेडकांची विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया हे विष तयार होते. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. हे जंतू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यावयास चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लागल्याशिवाय दही होत नाही, तसाच हा प्रकार! तोवर पेटीत बेडूक न सोडता रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकीत राहावे, आणि तपासणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच बेडूक आणावेत. पुढे दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये.

चार बेडकांस चाळीस लिटरची पेटी पुरे. पाणी बारा-पंधरा इंचांहून खोल नको. श्वासासाठी वर येताना त्यांची दमछाक होते. झाकण घट्ट, पण हवेशीर हवे, कारण बोटभर फटीतून निसटलेला बेडूक काही तासांत सुकून मरतो. बारीक खडे तो अन्नाबरोबर गिळतो. म्हणून तळाशी मऊ वाळू किंवा त्याच्या डोक्याहून मोठे गोटे असावेत. उष्णमान २४ ते २६ अंश राखावे. आमची पेटी प्रथम देवघराशेजारी होती, ती आता दुसऱ्या खोलीत आहे. उदबत्तीचा धूर, डासांची कॉइल व फवारे यांपासून ती दूरच बरी. आजींनी एवढे मात्र कुरकुरत मान्य केले.

गोठवलेले ब्लडवर्म वितळवून एक दिवसाआड द्यावेत. हा प्राणी मंद असल्याने चपळ मासे त्याचा घास पळवितात. आम्ही तळाशी मातीची पणती ठेवून तीतच अन्न सोडतो. पेटीत हात घालण्यापूर्वी साबणाचा अंश राहू देऊ नये. नंतर मात्र साबणाने हात धुवावेत, कारण बेडकांपासून साल्मोनेला जडू शकतो. पाच वर्षांखालील मुलांनी त्यांना हाताळू नये.

कंटाळा आला म्हणून हे बेडूक बावखलात सोडण्याचा विचारही कोणी करू नये. १९९९ साली शास्त्रज्ञांनी वर्णिलेल्या कायट्रिड बुरशीने ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिकेतील कित्येक जातींचा संहार केला आहे, आणि पाळीव बेडकांबरोबर ती दूरदेशी पोचू शकते. वसईच्या वाड्यांतील बावखले आधीच बुजत चालली आहेत. पावसाच्या पहिल्या सरीस तेथे ओरडणारे बेडूक आपलेच शेजारी. म्हणून पेटीचे बदललेले पाणीही आम्ही झाडांना न घालता संडासात ओततो.

दसऱ्यानंतर नवी जोडी आली. पुतणी रोज पणतीपाशी बसून दोघे जेवले की नाही ते वहीत टिपते.